बायोडाटातलं ‘फेअर’ आणि रिझ्युमेतलं ‘फेअर’

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.कॉम. झालंय, एमएस-सीआयटी आणि मराठी तीसचं टायपिंगही झालंय. दोन वर्षांपासून खतं-बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब बघते. टॅलीवर बिलं, स्टॉक, जीएसटीच्या नोंदी हे सगळं मीच करते.

यंदा घरात माझ्या लग्नाचं बघताहेत. मामांनी धुळ्याच्या एका टाइप करणाऱ्याकडून माझा बायोडाटा करून आणला. त्याच माणसाकडून नोकरीसाठी रिझ्युमेही करून आणला. दोन्ही इंग्रजीत. बायोडाटात ‘कॉम्प्लेक्शन : फेअर’ लिहिलंय. मी सावळी आहे. रिझ्युमेत ‘फेअर नॉलेज ऑफ टॅली अँड एक्सेल’ लिहिलंय. मी मामांना म्हटलं, बायोडाटातलं खोटं आहे, काढा. ते म्हणाले, ‘फेअर म्हणजे काय फक्त गोरी होतं का? फेअर म्हणजे चांगली, फेअर म्हणजे रास्त. कोणी विचारलंच तर तसं सांगू.’ आजी मात्र सरळ म्हणते, ‘पोर सावयी से, पन देखनी से.’ आई काही बोलत नाही, पण तिने एक क्रीम आणून ठेवलंय.

त्यातच आठवीतल्या भावाच्या प्रगतिपुस्तकावर इंग्रजीपुढे ‘फेअर’ असा शेरा आलाय. तो सेमी इंग्रजीला आहे. बाबा खूश आहेत. आमचा कापूस खरेदी केंद्रावर नेला होता तेव्हा ग्रेडर ‘एफएक्यू आहे, फेअर माल आहे’ म्हणाला होता आणि पूर्ण भाव मिळाला होता. तेव्हापासून फेअर म्हणजे एक नंबर, असं त्यांच्या डोक्यात बसलंय.

एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे? मामा म्हणतात ते बरोबर आहे का? आणि त्या दोन कागदांवर हा शब्द राहू द्यावा की काढावा?

— एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

दोन्ही कागदांवरून तो शब्द काढ. बायोडाटात तो तुझ्याबद्दल नसलेलं सांगतो आणि रिझ्युमेत असलेलं लपवतो. दोन्हीकडे नुकसान तुझंच आहे. आता कारण सांगते, कारण उद्या मामांसमोर बसून बोलायचं तर नुसतं ‘ताईंनी सांगितलं’ म्हणून चालणार नाही.

मामांचं म्हणणं शब्दकोशापुरतं खरं आहे. फेअरला गोरा, रास्त, निःपक्ष, बऱ्यापैकी, निरभ्र, नीटनेटका असे बरेच अर्थ आहेत. पण शब्दकोशात ते एकाखाली एक छापलेले असले तरी वाक्यात आल्यावर त्यातला एकच लागू होतो. कुठला, ते शेजारचा शब्द ठरवतो. ‘कॉम्प्लेक्शन’ म्हणजे वर्ण. वर्णाच्या रकान्यात फेअर आलं की त्याचा अर्थ गोरी, दुसरा नाही. रास्त वर्ण, निःपक्ष वर्ण असं काही नसतं. कागद समोरच्यांच्या घरी पोचतो तेव्हा मामा तिथे समजावून सांगायला नसतात. ते लोक वाचतात, ‘मुलगी गोरी आहे’, आणि तसंच धरून चालतात.

फेअरचा कुठला अर्थ चालू आहे हे ओळखायचं एक साधन मी मुलांना नेहमी देते. त्या जागी विरुद्ध शब्द कुठला येईल ते विचारायचं. माणसाच्या रंगाबद्दल बोलत असू तर फेअरच्या उलट ‘डार्क’. हवेबद्दल असेल तर ‘फाउल’. शाळेच्या वहीबद्दल असेल तर ‘रफ’. आपण मराठीतही रफ वही, फेअर वही म्हणतोच, ‘आधी रफ काढ, मग फेअर कर’ असं बाई सांगतातच. भाव, न्याय, निवडणूक, परीक्षा यांबद्दल असेल तर उलट शब्द ‘अनफेअर’. हे ‘अनफेअर’ फक्त न्याय-अन्यायाच्या अर्थालाच लागतं. पावसाळी हवेला कोणी अनफेअर म्हणत नाही आणि सावळ्या माणसालाही नाही. मामांना हे नक्की सांग. ‘कॉम्प्लेक्शन : अनफेअर’ असं जगात कुठेच लिहीत नाहीत, म्हणजे त्या रकान्यातलं फेअर न्यायाच्या घरातलं नाही.

इतके अर्थ आले कसे, हे तू विचारलंस. जुन्या इंग्रजीत हा शब्द दिसायला देखणा, मनाला बरा वाटणारा, एवढ्याच अर्थाने होता. रंगाचा त्यात संबंध नव्हता. मग देखण्यावरून डाग नसलेला, स्वच्छ, असा अर्थ निघाला. स्वच्छ आकाशावरून चांगली हवा आली, डाग नसलेल्या कागदावरून फेअर कॉपी आली, डाग नसलेल्या वागण्यावरून सरळ, न्यायी, पक्षपात न करणारा हा अर्थ आला. आणि त्या थंड देशात फिकट कातडी, फिकट केस हेच देखणेपण मानलं गेलं, म्हणून देखण्याचा शब्द गोऱ्याला चिकटला. आजीने तुला जे म्हटलं ना, ‘देखनी से’, तो फेअरचा सगळ्यात जुना अर्थ आहे. मामांना फेअर शब्द वाचवायचाच असता तर आजीच्या बाजूने वाचवता आला असता. पण आज वर्णाच्या रकान्यात तो अर्थ कोणी वाचत नाही.

आणखी एक गंमत नाही, वस्तुस्थिती सांगते. इंग्लंडमध्ये आज कोणाला फेअर म्हटलं की सोनेरी किंवा फिकट केसांचा, उन्हात लगेच लाल होणारा माणूस डोळ्यासमोर येतो. आपल्याकडे ज्यांना गोरं म्हणतात त्यांतले बहुतेक जण तिथे त्या शब्दात बसणारच नाहीत. म्हणजे आपल्या बायोडाटातलं फेअर हे इंग्रजांच्या मापानेही मोजलेलं नसतं. ते मोजलेलं असतं आपापल्या घरातल्या, गल्लीतल्या माणसांच्या डोळ्यांनी. चुलत बहिणीपेक्षा उजळ की नाही, एवढंच त्याचं माप.

आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. फेअर हा शब्द जिथे प्रामाणिकपणे वापरला जातो तिथे त्याच्यासोबत एक माप ठेवलेलं असतं. तुझ्या बाबांना कापूस माहीत आहे, तर कापसापासूनच बघू.

एफएक्यू म्हणजे ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’. (मोबाइलवर कंपन्यांच्या पानांवर दिसतं ते एफएक्यू वेगळं, तिथे ते ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ असतं.) सरकार हमीभाव जाहीर करतं तो याच दर्जाच्या मालासाठी असतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये जाहीर झाले. आता जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात काय होतं ते तू पाहिलं असशील. गाडी उभी राहते, ग्रेडर ढिगात हात खोल घालून मूठभर कापूस काढतो, बोटांनी धागा ओढून बघतो, पत्ती (वाळक्या पानांचा कचरा) किती, कवडी (किडकी, नीट न उमललेली बोंडं) किती, डाग किती, ते बघतो. मग मॉइश्चर मीटर खुपसतो. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव. त्याच्या वर गेला की टक्क्याटक्क्याने कपात. १२ च्या वर गेला की सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, तो माल घेत नाही, वाळवून आणा म्हणतात. सकाळच्या दवात वेचलेला आणि तसाच गाडीत भरलेला कापूस परत जातो तो यामुळेच.

या सगळ्यात फेअरचा अर्थ काय? उत्तम नाही. ‘अ‍ॅव्हरेज’ शब्द शेजारीच बसलाय. त्या हंगामात सर्वसाधारण जसा माल पिकतो तसा, खोट नसलेला, घेण्यासारखा. ग्रेडर ‘फेअर’ म्हणाला म्हणजे ‘चालेल, अटीत बसतो’ म्हणाला. बाबांना पूर्ण भाव मिळाला, कारण हमीभावच त्या ‘चालेल’ दर्जासाठी ठरवलेला आहे. त्याहून सरस कापूस नेला असता तरी त्याच धाग्याच्या मालाला केंद्रावर हमीभावापेक्षा जास्त मिळाला नसता. म्हणून बाबांच्या अनुभवात फेअर आणि एक नंबर एकच झाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कापसाच्या जिन्यावर फेअरच्या वर पायरीच नव्हती.

प्रगतिपुस्तकाच्या जिन्यावर मात्र आहे. शाळेत शेऱ्यांचा नेहमीचा क्रम असतो पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट. खालून दुसरी पायरी. ‘फेअर’ म्हणजे ‘जेमतेम ठीक, लक्ष द्यायला हवं’. भावाचं प्रगतिपुस्तक उलटून बघ, बहुतेक वेळा मागच्या पानावर किंवा तळाशी शेऱ्यांचा तक्ता छापलेला असतो. तो बाबांना दाखव आणि वर सांगितलंय तसं कापसाच्या भाषेत सांग. शेरा वाईट नाही हेही सांग. आठवीत इंग्रजीला ‘फेअर’ मिळालेला मुलगा दहावीपर्यंत सहज वर येऊ शकतो, अजून हातात दोन वर्षं आहेत. फक्त ‘फेअर आलं, छान आलं’ म्हणून सगळे निवांत झाले तर तीच दोन वर्षं हातची जातात. वर्गशिक्षकांना जाऊन विचारा, वाचनात कमी पडतोय की लिहिण्यात. हे विचारणं बाबांनीच करू दे, तू नको. त्यांनी विचारलं की मुलाला त्याचं वजन वाटतं.

आता मामांनी उच्चारलेला ‘रास्त’. हा अर्थ त्यांनी बरोबर सांगितला आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. तुमच्या गावातल्या रेशन दुकानावर ‘रास्त भाव दुकान’ अशी पाटी असते ना, ते ‘फेअर प्राइस शॉप’चं मराठी. आपण बोलताना त्यालाच स्वस्त धान्य दुकान म्हणतो, पण स्वस्त आणि रास्त यांत फरक आहे. स्वस्त म्हणजे कमी पैशांत. रास्त म्हणजे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही सरळ वाटेल असा. रास्त भाव प्रसंगी कमीही असू शकतो आणि जास्तही. ऊस घालणाऱ्यांच्या तोंडी जी एफआरपी असते तीत हे नीट दिसतं. ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’, मराठीत रास्त आणि किफायतशीर दर. २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून हे नाव आणलं, त्याआधी तिथे किमान भाव असा शब्द होता. या फेअरचा अर्थ ग्राहकाला स्वस्त असा नाही, पिकवणाऱ्याला परवडेल असा आहे. तिथेही नुसता शब्द सोडलेला नाही. साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, किती टक्के धरायचा, त्यावर दर किती, हे आकड्यांत दिलेलं असतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये.

जमिनीचंही तसंच. तुमच्या पारोळ्यावरून महामार्ग जातो, रुंदीकरणात शेतं गेलेली घरं तुझ्या ओळखीत असतील. २०१३ चा जो भूसंपादनाचा कायदा आहे त्याच्या इंग्रजी नावातच ‘राइट टु फेअर कॉम्पेन्सेशन’ आहे, वाजवी भरपाईचा हक्क. आता वाजवी म्हणजे किती, हे जर अधिकाऱ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या मनावर सोडलं असतं तर रोज भांडणं झाली असती. म्हणून कायद्यात हिशेब लिहिलाय. बाजारमूल्य कसं काढायचं, ग्रामीण भागात त्याला किती पटीने गुणायचं, झाडं-विहिरींचं काय धरायचं आणि त्या सगळ्यावर तेवढीच म्हणजे शंभर टक्के दिलासा रक्कम. माझ्या माहितीतल्या एका घरात तीन भाऊ ही नोटीस हातात घेऊन बसले होते आणि धाकटा एकच विचारत होता, ‘फेअर म्हणतात, पण कशावरून फेअर?’ त्याचा प्रश्न बरोबर होता. फेअर शब्द दिसला की ‘कशावरून’ हे विचारायचंच. कापसात मीटर उत्तर देतं, उसात उतारा, जमिनीत कायद्यातला हिशेब, प्रगतिपुस्तकात मागचा तक्ता.

तुझ्या बायोडाटातल्या फेअरला ‘कशावरून’ विचारलं तर उत्तर नाही.

रिझ्युमेकडे वळू, कारण तो तुला लवकर कामाला येणार आहे. ‘फेअर नॉलेज ऑफ टॅली’ वाचून तुझ्या मामांना वाटलं असेल की टॅलीचं चांगलं ज्ञान आहे असं लिहिलंय. मुलाखत घेणारा ते तसं वाचत नाही. ज्ञान, अनुभव, कामाची सफाई अशा गोष्टींसोबत फेअर आलं की तो प्रगतिपुस्तकातला फेअर असतो, ‘थोडंफार येतं’. जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीत ‘फेअर कंडिशन’ लिहिलेलं असतं तेव्हा घेणारा ओळखतो की काम काढावं लागणार, तसंच हे. ‘फेअरली गुड’ हेही नुसत्या ‘गुड’पेक्षा खालीच असतं, बऱ्यापैकी चांगलं. टाइप करणाऱ्यांकडे एक ठरलेला नमुना असतो, त्यात नाव-गाव बदलून ते देतात, आणि त्या नमुन्यात ही ओळ वर्षानुवर्षं चाललेली आहे. दोन वर्षं दुकानाचा सगळा हिशेब एकटीने सांभाळणाऱ्या मुलीने ‘थोडंफार येतं’ असं लिहून द्यावं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

ती ओळ खोडून तिथे काय काम केलंस ते लिही. टॅलीवर रोजची विक्री-खरेदीची बिलं, स्टॉकच्या नोंदी, जीएसटी विवरणपत्रासाठी माहिती तयार करणं, उधारीची खाती, किती काळापासून. एक्सेलमध्ये काय करतेस ते, बेरजा-फिल्टर की त्याहून पुढचं. मराठी टायपिंग ३० शब्द प्रतिमिनिट, प्रमाणपत्राच्या वर्षासह. एखादी गोष्ट नुकतीच शिकायला घेतली असेल तर ‘बेसिक’ लिही, रोज हाताखालची असेल तर ‘वर्किंग नॉलेज’ लिही. हे शब्द मुलाखत घेणाऱ्याला नेमके कळतात. आणि जे लिहिशील ते समोर संगणक ठेवला तर करून दाखवता आलं पाहिजे.

बाकीचे अर्थ पटकन सांगते, कारण तुला ते वाचताना भेटतील. ‘अ फेअर अमाउंट’ म्हणजे बऱ्यापैकी मोठा भाग. इथे ‘पुरेसा, थोडा नाही’ असा कल आहे. ‘फेअर चान्स’ म्हणजे जमण्याची बरी शक्यता. ‘फ्री अँड फेअर इलेक्शन’ म्हणजे मुक्त आणि निःपक्ष निवडणूक, ‘फेअर ट्रायल’ म्हणजे दोन्ही बाजू ऐकून चालवलेला खटला. ‘फेअर प्ले’ म्हणजे खेळातला सरळपणा. सुखात सोबत आणि अडचणीत गायब अशा मित्राला ‘फेअर-वेदर फ्रेंड’ म्हणतात. आणि बोलण्यात कोणी ‘फेअर इनफ’ म्हणालं तर ते कौतुक नाही, ‘बरं, पटलं, तुझंही खरं आहे’ एवढंच.

दोन शब्द मात्र या घराण्यातले नाहीत आणि मुलं हमखास गोंधळतात. एसटीच्या तिकिटावरचं भाडं, तेही ‘फेअर’सारखंच ऐकू येतं, पण त्याचं स्पेलिंग आणि मूळ दोन्ही वेगळं. आणि जत्रा. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तापीकाठी दूरदूरचे घोडे येतात, इंग्रजी बातमीत त्याला ‘सारंगखेडा हॉर्स फेअर’ म्हणतात. याचं स्पेलिंग आपल्या फेअरसारखंच आहे, पण हे नाम लॅटिनमधल्या सणाच्या शब्दावरून आलंय. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. भावाला हे दोन नक्की सांग.

आता त्या क्रीमबद्दल, कारण तू एका ओळीत लिहिलंस तरी मला ती ओळ सगळ्यात जड वाटली. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ भारतात आली आणि पंचेचाळीस वर्षं हा शब्द नळीवर छापून घरोघरी गेला. तुझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायकांनी फेअर हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा तिथेच वाचला असेल. २०२० मध्ये कंपनीने स्वतःच नावातलं फेअर काढलं आणि ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. त्याच वर्षी ‘शादी डॉट कॉम’ने स्थळं शोधताना त्वचेचा रंग निवडायची सोय काढून टाकली. लोकांनी आवाज उठवल्यावर हे झालं. म्हणजे ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनाही तो शब्द मिरवणं अवघड झालं, आणि आपण तो अजून बायोडाटात घालतोय.

आईने आणलेलं क्रीम लावण्याआधी नळीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावायचं नाही. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो, मग कातडी पातळ होते, पुरळ येतं, बंद केलं की आग होते. घटकच छापलेले नसतील, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल, तर ती नळी सरळ टाकून दे. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणं आहेत. आईवर चिडू नकोस. तिने काही बोलता आलं नाही म्हणून क्रीम आणलं. तिच्याशेजारी बसून विचार, ‘तुला भीती कसली वाटते?’ ती बहुधा म्हणेल, स्थळं येणार नाहीत. तिची भीती खोटी नाही, आपल्याकडे रंग बघून नाही म्हणणारी घरं आहेत. पण अशा घराने कागद वाचून नाही म्हटलेलं बरं. बायोडाटात फेअर वाचून ते आले, चहा-पोहे झाले, उजेडात तुला बघितलं आणि जाताना ‘कळवतो’ म्हणून गेले, तर तो दिवस तुला आणि आईला जास्त दुखेल. शिवाय एकदा वाटलं की यांनी रंगाचं खोटं लिहिलं, की पुढे शिक्षण, पगार, शेती, सगळ्यावर ते शंका घेतात. त्यात तू मेहनतीने मिळवलेलं खरंही खोट्यात जमा होतं.

मग वर्णाच्या जागी काय लिहायचं? माझं मत स्पष्ट आहे, तो रकानाच काढ. सोबत फोटो जातोच, त्यात दिसतं. जन्मतारीख, उंची, शिक्षण, काम, घरची माणसं, शेती, अपेक्षा एवढं पुरे आहे. घरच्यांनी फारच धरलं की रकाना हवाच, तर बायोडाटा मराठीत कर आणि ‘सावळी’ लिही. तो आपला जुना, मानाचा शब्द आहे, विठोबालाही आपण सावळाच म्हणतो. ‘व्हीटिश’ लिहू या असं कोणी सुचवेल. व्हीटिश म्हणजे गव्हाळ. तू गव्हाळ असशील तर लिही, नसशील तर तेही फेअरसारखंच झालं. फोटो स्टुडिओत काढलास तर आधीच सांग की रंग उजळ करायचा नाही. सकाळच्या उजेडात, ओसरीत काढलेला मोबाइलवरचा साधा फोटोही चालतो, फक्त फिल्टर नको.

मामांशी बोलताना आजीला शेजारी बसव. मामांनी हे तुझ्या प्रेमापोटी केलंय, धुळ्याला खेपा घातल्यात, पैसे दिलेत, ते आधी बोलून दाखव. मग अडवून धरण्याऐवजी काम सांग: ‘मामा, रिझ्युमेत माझं काम कमी दाखवलंय आणि बायोडाटात रंग वाढवलाय, दोन्ही एकदमच दुरुस्त करून आणू या.’ दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्यास की त्यांना कळेल तू हट्ट करत नाहीयेस. त्यांनी रास्त शब्द उच्चारलाच आहे, तर त्यांना तुझी बाजू समजायला वेळ लागणार नाही.

टाइप करणाऱ्याकडून दोन्ही फाइली वर्डमध्ये मागून घे, पीडीएफमध्ये नको, म्हणजे पुढच्या दुरुस्त्या तुझ्या तुला करता येतील. तुझं टायपिंग आहेच. जुना बायोडाटा ज्या ज्या मध्यस्थांना आणि नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेला असेल त्यांची यादी मामांकडून काढ. प्रत्येकाला नवीन प्रत ‘आधीच्या प्रतीत चूक होती, ही धरावी’ एवढं लिहून मामांच्याच मोबाइलवरून पाठवायला सांग.

तुझी,
ताई